वाशीच्या गेम कॅफेतलं 'तारेण': नदीमुखावरचं शहर आणि त्याचा खेळ

वाशी स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका बोर्ड गेम कॅफेत रविवारी दुपारी 'तारेण' नावाचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ, चालतो. तारेण हे तिथल्या गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, स्वतः रचलेल्या जगातलं प्राचीन शहर, त्रिभुज प्रदेशात वसलेलं. माणशी ४०० रुपये, साडेतीन तास, चहा वेगळा. मी ठाण्यात भूगोल शिकवते. भाच्याने मला ओढून नेलं, आता मीच त्याला फोन करून जागा धरायला सांगते.

काल्पनिक शहरांत नदी बहुधा शोभेला असते. इथे शहराचं नशीब तीच ठरवते. टेबलावर जाड पुठ्ठ्याचा नकाशा आणि त्यावर ट्रेसिंग पेपरचे थर. सगळ्यात खालच्या कागदावर हजार वर्षांपूर्वीचे नदीचे फाटे, सगळ्यात वर आजचे. एकाच जागी एका कागदावर बंदर, दुसऱ्यावर भाजीचे मळे. खेळ सुरू होताना वीस बाजूंचा फासा टाकून पुरात किती गाळ आला ते ठरवतात. गाळ साचला की फाट्याचा तळ उचलला जातो, उतार मंदावतो आणि एखाद्या मोठ्या पुरात पाणी जास्त उताराची वाट धरतं. खऱ्या नद्याही अशाच पात्र बदलतात.

आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने सगळं सोनं घालून जकातनाका विकत घेतला होता. पुढे त्याच्या समोरचाच फाटा बुजला आणि मचवे दुसरीकडून जायला लागले. तो रागावला नाही. नकाशावर वाकून, नवा फाटा कुठून फुटेल ते बोटाने शोधत बसला. वर्गात वितरिका, म्हणजे नदीचे असे फाटे, शिकवताना असं वाकून बघणारं मूल मला क्वचितच भेटतं.

या रचनेला इतिहासाचा आधार आहे. प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याची राजधानी पी-रामसेस नाईलच्या पेलुसियाक फाट्यावर होती. तो फाटा गाळाने भरला, शहर मागे पडलं आणि तिथले पुतळे, दगड तानिस या दुसऱ्या शहरात नेले गेले. ते बघून पुढे अनेक संशोधकांना तानिस म्हणजेच पी-रामसेस वाटलं होतं. तारेणच्या जुन्या देवळाचे खांब नव्या बंदरावर सापडतात, तेव्हा मला तेच आठवलं आणि अंगावर काटा आला.

आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या नद्या आखूड, त्यांच्या मुखाशी खाड्या. त्रिभुज प्रदेश बघायचा तर त्र्यंबकेश्वरला निघालेल्या गोदावरीच्या मागोमाग थेट आंध्रात जायला हवं. पण भरती-ओहोटी इथल्या खेळाडूंना समजावावी लागत नाही, ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीचा चिखल सगळ्यांनी पाहिलाय. माझं कॅरेक्टर, म्हणजे खेळातलं पात्र, तांडेल आहे, नावेचा प्रमुख. अमावास्येच्या उधाणावर भरलेला मचवा उथळ फाट्यात घालायचा की बाहेर थांबायचं, यावर आम्ही एकदा अर्धा तास वाद घातला. घातला आत, आणि निघालाही.

एक गोष्ट मला मुळीच पटली नाही. तारेणचे तट, वाडे, घाट, अगदी कोळ्यांची घरंसुद्धा काळ्या दगडाची. त्रिभुज प्रदेशात खणलं तर गाळ आणि वाळू लागते, दगड लांबून नावेने आणावा लागतो. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातही साधी घरं कच्च्या विटांची असत. शिवाय समुद्राजवळच्या विहिरीतून पाणी जास्त उपसलं की खारं पाणी आत शिरतं, आणि गोड्या पाण्यावरून होणारी भांडणं तर या शहरात हवीतच. गेम मास्टरला सांगितलं तर त्याने वही काढून लिहून घेतलं. म्हणाला, "मॅडम, दगड आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं प्रकरणच टाकतो." ते येईपर्यंत माझी ही तक्रार उभी आहे.

कॅफेबद्दल थोडक्यात. एसी चांगला, खुर्च्या साडेतीन तासांसाठी कडक, सँडविच ठीक. शेजारच्या टेबलावर पत्त्यांचा डाव रंगला की गेम मास्टरचा आवाज पोचत नाही, म्हणून भिंतीकडची जागा मागा. नवख्यांना तयार कॅरेक्टर मिळतं, नियम पाठ असायची गरज नाही. खेळ एरवी हिंदी-इंग्रजीत चालतो. मराठीत हवा असेल तर चार-पाच जणांनी मिळून बुक करताना तसं सांगा, तो आनंदाने मराठीत घेतो आणि मग कोळ्यांचे संवाद फारच खुलतात. दहावी-अकरावीची मुलं घरात असतील तर त्यांना जरूर न्या.