नवी मुंबईतली फिजिओ कॉलेजची ओपीडी : ट्रीटमेंट चांगली, पण इंटर्न कोण मिळतो त्यावर सगळं

आईचा उजवा खांदा जखडला, फ्रोझन शोल्डर. शुगरवाल्यांना हे जास्त होतं. अंबाडा घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. प्रायव्हेट क्लिनिकवाले आधी पॅकेज दाखवतात मग खांदा बघतात, म्हणून एका फिजिओ कॉलेजच्या ओपीडीत न्यायला लागलो. नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारपण आहे.

हात लावतात ते इंटर्न, मॅडम मागून बघतात. आईला पहिल्यांदा मिळाली ती पोरगी एक नंबर. गोनिओमीटर लावून हात बाहेरच्या बाजूला किती वळतो ते मोजायची, केस पेपरवर लिहायची आणि मागचा आकडापण आईला दाखवायची. भिंतीवर बोटं चढवताना आई हळूच खांदाच उचलायची, तर ही एका हाताने खांदा दाबून धरायची, "काकू चीटिंग नको, हात चढवा, खांदा नाही." मग आईपण हसत करायची.

मशीन लावलं की दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, तेव्हा आई सगळ्यांच्या चौकश्या करते (सवय आहे तिची). नीटला एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे आलो हे बरेच जण बिनधास्त सांगतात. एकाला आयपीएल टीमचा फिजिओ व्हायचंय, आता टीमा किती आणि जागा किती, पण बोलायची सोय नाही. दोघींची आयईएलटीएसची (इंग्रजीची परीक्षा) तयारी चालू, ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणे. या पोरांच्या कोर्सला साडेचार वर्षं घासायची, त्यात शेवटचे ६ महिने इंटर्नशिप, आणि बाहेर पडल्यावर क्लिनिकवाले जो पगार बोलतात तो ऐकून घरचे विचारतात हेच करायचं होतं का. वर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य संचालनालयाने फिजिओंनी नावापुढे डॉक्टर लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं, तो विषय निघाला की पोरं अजून तापतात. तापणारच ना राव.

आईच्या त्या पहिल्या इंटर्न पोरीचा प्लॅन मात्र मला जाम पटला. ठाण्यात घोडबंदर रोडला स्कूटरवर होम व्हिजिट करणार. म्हणाली, "टॉवरमध्ये सगळे आजी-आजोबाच आहेत, मुलं अमेरिकेत, गुडघे इथे." कोणाच्या हाताखाली राबायला नको, पैसेपण रोखठोक. बाकीचे सगळे खेळाडूंच्या मागे आणि ओपीडीत बघावं तर रांगेत निम्मे गुडघेवाले.

आता तक्रार. पोस्टिंग बदललं आणि ही गेली. नवीन आला त्याने मशीन चिकटवलं, मोबाईल काढला, मोजणं-बिजणं काही नाही, आईने विचारलं तर "आपोआप होईल". आपोआप व्हायचं असतं तर एवढ्या लांब कशाला आलो असतो? मॅडमला सांगितल्यावर दुसरी इंटर्न दिली, ती ठीक आहे, जरा घाबरत घाबरत करते पण मोजते.

आईचा अंबाडा परत सुरू झालाय, थोडा वाकडा बसतो. केस पेपरचे पैसे किरकोळ, पार्किंग नाही, नाव पुकारतात ते पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही. अकराच्या आत पोचा आणि टॉवेल घरचा न्या. ५ पैकी ४.