व्हॉल्व्ह काढला तरी गाणं चालूच राहिलं

आमच्या लातूरच्या घरात वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीचा, रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांच्या अर्धा मिनिट आधीच ते बटण फिरवून ठेवायचे. आधी पट्टीमागचा पिवळा दिवा लागायचा, मग बारीक घरघर ऐकू यायची आणि मग कुठं निवेदकाचा आवाज हळूहळू वर यायचा. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय बोलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही व्हॉल्व्हचा म्हणून घेतलेल्या एका हेडफोन अँपमध्ये (हेडफोनसाठी आवाज वाढवणाऱ्या डब्यात) माझे ९,५०० रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

रात्री लेकरं झोपल्यावर मी हेडफोनवर गाणी ऐकतो. मोबाइलवर एका विक्रेत्याचा व्हिडिओ दिसला: लाकडी पट्टीचा छोटा डबा, वर काचेचा व्हॉल्व्ह, आत केशरी उजेड. ‘हायब्रिड ट्यूब हेडफोन अँप, ईसीसी ८२ व्हॉल्व्ह, पुढे क्लास ए मॉसफेट, २४ व्होल्टचा सप्लाय.’ हायब्रिड म्हणजे ट्यूब, अर्थात व्हॉल्व्ह, आणि ट्रान्झिस्टर असं दोन्ही असलेला; मॉसफेट हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार. फोनवर माणूस फार अदबीनं बोलला. यूपीआयनं पूर्ण पैसे पाठवले आणि आठवड्याभरात डबा घरी आला.

पहिल्या रात्री बटण दाबलं आणि गाणं लगेच सुरू झालं, त्याच क्षणी. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण काचेला हात लावला तर ती गरम होती, उजेडही होता, म्हणून मी गप्प बसलो. पुढचे काही दिवस मात्र तबला खटकत राहिला. बायाचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, घुमार येतच नव्हता, नुसती टकटक ऐकू यायची. आवाज वाढवला की तान फाटायची.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, हायब्रिडमध्ये तडजोड असतेच. व्हॉल्व्ह फक्त गोडवा देतो, बाकीचं काम चिप करते.” हे बोलणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळंच माणूस फसतो. म्हणून खरी तडजोड कुठं असते ते आधी सांगतो.

ईसीसी ८२ हा मुळात शंभर ते अडीचशे व्होल्टवर चालवायचा व्हॉल्व्ह. घरगुती डब्यात तेवढा व्होल्टेज म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर, जास्त खर्च आणि जिवाला धोका. म्हणून हायब्रिड करणारे तो १२ किंवा २४ व्होल्टवर चालवतात. त्यात व्हॉल्व्हची ताकद घटते आणि विकृतीही, म्हणजे मूळ आवाजात होणारा बदल, वाढते. काहींना नेमका तोच रंग आवडतो, आणि त्यात फसवणूक काही नाही. दुसरी गोष्ट, या व्हॉल्व्हचा आतला रोध (विजेला होणारा अडथळा) काही हजार ओहम असतो आणि आपला हेडफोन असतो ३२ ओहमचा. व्हॉल्व्ह एकटा हेडफोन ओढूच शकत नाही, म्हणून त्याच्यापुढे मॉसफेट किंवा ऑपअँप (आवाज वाढवणारी चिप) लावावाच लागतो. मॉसफेट क्लास ए मध्ये, म्हणजे सतत वीज वाहती ठेवून, चालवला तर २४ व्होल्टला पाव अँपिअर धरून एका बाजूला ६ वॅट, दोन्ही मिळून १२ वॅट उष्णता सतत निघते, गाणं चालू असो वा नसो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो डबा टेबलावर नकोसा होतो. ही झाली प्रामाणिक तडजोड.

माझ्या डब्याचे हीटसिंक (मॉसफेटची उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) तासाभरानंतरही गार होते. अडॅप्टर उलटा करून पाहिला तर त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर छापलेलं. जाहिरातीतले २४ व्होल्ट गेले कुठं?

शेवटी डबा घेऊन गंजगोलाईजवळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी बंद डबा आधी दहा मिनिटं गार होऊ दिला, व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपसून माझ्या हातात दिला आणि एक जुना इअरफोन लावून बटण दाबलं. गाणं चालू. व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर आणि गाणं चालू! सॉकेटच्या मधोमध केशरी एलईडी जळत होता. काका म्हणाले, “लेकरा, ह्यो निस्ता दिवा हाय.”

चार स्क्रू काढले. सॉकेटच्या ४ आणि ५ नंबरच्या पिनांना तेवढी वायर होती, म्हणजे फक्त हीटरला वीज, काच तापण्यापुरती. ग्रिड, प्लेट, कॅथोड या आवाज वाढवणाऱ्या भागांपैकी कशालाच काही जोडलेलं नव्हतं. हीटसिंकवरच्या दोन मॉसफेटचे पाय बोर्डात नीट सोल्डर केलेले, पण खाली त्यांना जोडणारा तांब्याचा ट्रॅकच नव्हता. गाणं जात होतं थेट ५५३२ या ऑपअँपमधून. ही चिप चांगली आहे, पण ती ६०० ओहमच्या भारासाठी (जोडलेल्या वस्तूच्या रोधासाठी). ३२ ओहमला तिचा दम संपतो, म्हणून तान फाटत होती. आणि आउटपुटला कपॅसिटर होता ४७ मायक्रोफॅरडचा. ३२ ओहमला तो साधारण १०६ हर्ट्झच्या खालचा आवाज कापत जातो. बाया तिथंच मेला. ४७० चा टाकला असता तर ही हद्द ११ हर्ट्झपर्यंत खाली गेली असती. मोठ्या कपॅसिटरनं बटण दाबताना हेडफोनमध्ये धप्प होतं, म्हणून चांगला कारागीर रिलेनं (विजेवर चालणाऱ्या स्विचनं) काही सेकंद उशिरा आवाज सोडतो. इथं त्या कशाचाच विचार नव्हता.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. व्हॉल्व्हखाली एलईडी असणं म्हणजेच लबाडी नव्हे. या व्हॉल्व्हचा स्वतःचा उजेड मंद असतो, म्हणून प्रामाणिक लोकही शोभेसाठी एलईडी लावतात. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एकच व्हिडिओ मागा: डबा बंद करून, व्हॉल्व्ह काढून, पुन्हा चालू केलेला. व्हॉल्व्ह खरंच कामाला असेल तर गाणं बंद पडायलाच हवं. स्वतः करून पाहणार असाल तर फक्त अशा १२-२४ व्होल्टच्या डब्यावरच करा आणि कानात चांगला हेडफोन घालू नका. पूर्ण व्हॉल्व्हच्या अँपमध्ये जीव घेणारा व्होल्टेज असतो, त्याला हात लावायचा नाही.

फोटो पाठवल्यावर विक्रेत्यानं मला ब्लॉक केलं. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार करतोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पैशांचा व्यवहार ताजा असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, मी त्यात उशीर केला. अर्जाला जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि काकांच्या दुकानात काढलेला व्हिडिओ जोडतोय. त्यात माझा तळहात दिसतो, त्यावर व्हॉल्व्ह, आणि मागे गाणं ऐकू येतं.