पाप मोजणारं ॲप: तीन महिन्यांनंतर

माझं जुनं दुखणं राग नाही, आकस आहे. सख्ख्या भावाशी सहा वर्षं धरलेला. चर्चमधल्या एका मित्राने हे ॲप सुचवलं. रोज रात्री ते विचारतं, ‘आज पडलात का?’, म्हणजे ते पाप पुन्हा घडलं का. ‘नाही’ दाबलं की न पडलेल्या दिवसांचा आकडा एकने वाढतो.

एक्केचाळीसाव्या रात्री भावाचा मेसेज आला. वाचून मी मनातल्या मनात त्याला नको ते बोललो आणि तरीही ‘नाही’ दाबलं. ‘हो’ म्हटलं तर आकडा शून्यावर जाईल म्हणून! म्हणजे एक पाप झाकायला दुसरं. हा दोष ॲपचा की माझा, ठरवा तुम्हीच.

ॲप बायबलमधली वचनंही दाखवतं, त्यांची निवडही विचित्र आहे. प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा ७वा अध्याय, ‘जे इच्छितो ते करत नाही’ हा त्याचा आकांत, पहिल्याच दिवशी. ख्रिस्तात असलेल्यांना ‘दंडाज्ञा नाही’, म्हणजे ते दोषी ठरत नाहीत, असं सांगणारा ८वा मात्र तब्बल पाचव्या आठवड्यात. तोवर माणूस स्वतःलाच झोडपत बसतो. आणि देहाची कर्मं, म्हणजे पापी वागणं, पवित्र आत्म्याच्या योगाने मारायची, हे त्याच अध्यायातलं १३वं वचन तर कुठेच नाही.

एक सोय मात्र खरंच कामाची. रोजची नोंद एका विश्वासू माणसाला जाते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१६) पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलंय, तेच. बेचाळीसाव्या दिवशी मी मित्राला खरं लिहिलं. त्याने उपदेश केला नाही, फोन केला, आम्ही प्रार्थना केली. आकडा मी सेटिंगमधून बंद केलाय.

पाचपैकी तीन तारे. भावाला अजून उत्तर लिहितोय, चौथा खर्डा आहे.