मेमरी क्लिनिक, वडोदरा: पाचपैकी अडीच तारे

आई ८२ वर्षांची, सगळा जन्म दांडिया बाजारात गेला. हल्ली गॅसवर दूध ठेवते आणि विसरते, म्हणून तिला अलकापुरीकडच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. नाव मुद्दाम देत नाही, माणसं वाईट नाहीत. व्हीलचेअर थेट दारापर्यंत येते, एसी बेताचा, तपासणारी मुलगी गोड आवाजात "बा" म्हणते. दीड तारा त्याचाच.

पण प्रश्न! "आजे कई तारीख?" आई म्हणाली, "एकादशी. साबुदाणा भिजवून आलेय." शून्य. "सोमांथी सात बाद करो." आईनं पर्स उघडली, "सुटे नाहीत गं माझ्याकडे." परत शून्य. मग पंचकोन काढायला दिले. चौथीत शाळा सुटलेली बाई पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत बसली. ३० पैकी १४. मराठीत विचारता येईल का, म्हटलं, तर तसा कागदच नाही. गायकवाडांच्या गावात!

भाची ब्रूमला नर्स आहे, ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडे, किंबर्ली भागात. फोनवर हसली. "मामा, इथेही हेच झालं होतं." दूरच्या वस्त्यांतल्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी म्हाताऱ्यांना शहरी चाचण्या लागूच पडेनात. मग तिथल्या लोकांना विचारून निराळी चाचणी बांधली, 'कीका', ३९ गुणांची. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. तारखेऐवजी विचारतात, हा पेन्शनचा आठवडा आहे का? लोक कोणकोणत्या प्राण्यांची शिकार करतात? कंगवा, पेला, काडेपेटी देखत लपवायची आणि थोड्या वेळानं विचारायचं, कुठेय? चित्रात मगर आणि इमू. पंचेचाळिशीपासूनच तपासतात.

रविवारी मी घरीच करून पाहिलं. फणी, फुलपात्र, काडेपेटी आईसमोर लपवली. चहा झाल्यावर विचारलं. फणी उशीखाली, बरोबर. काडेपेटी काही केल्या आठवेना. दोनदा विचारलं, मग मलाच पुढे विचारवेना. फुलपात्राचं मात्र फाडकन आलं, "पुस्तकांमागे. आणि ते देवाचं आहे, पारोशानं उचललंस."

म्हणजे क्लिनिकवाले अगदीच चुकले असंही नाही. शिकारीच्या जागी मी खंडेराव मार्केटमधल्या भाज्या विचारल्या, तर सुरणापर्यंत तेरा आल्या, वर भावही. उरलेला एक तारा आईच्या वतीनं, पुढच्या वेळी कोणीतरी मराठी बोलणारं बसवतो म्हणालेत म्हणून.

पुढची तारीख महिन्यानं आहे. जाणार. आज सकाळी पातेलं परत करपलं.