फोटोरेक : नावे जातात, फोटो परत येतात

मेमरी कार्डावरून पुसल्या गेलेल्या फोटोंसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे असे कोणी विचारले, तर मी आधी फोटोरेकचेच नाव घेतो. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेले हे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली पूर्णपणे मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि बिघडलेली पार्टिशन, म्हणजे डिस्कचे विभाग, दुरुस्त करणाऱ्या टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरबरोबर एकाच झिप फाइलमध्ये मिळते. ते इन्स्टॉल करावे लागत नाही. झिप उघडली की थेट चालवता येते. ही सोय वरवर पाहता किरकोळ वाटेल, पण ज्या ड्राइव्हवरचा मजकूर गेला आहे त्याच ड्राइव्हवर घाईघाईने रिकव्हरी सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून उरलेसुरले पुसून टाकण्याचा प्रकार इतका सर्रास घडतो, की मला ती या सॉफ्टवेअरची मोठी जमेची बाजू वाटते.

त्याची कार्यपद्धती समजून घेतली तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही कळते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या कार्डांवर, 32 जीबीपर्यंत फॅट32 आणि त्यापुढे एक्सफॅट, अशी फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची यादी ठेवण्याची पद्धत, असते. फॅट32 कार्डावरचा फोटो डिलीट केला म्हणजे यादीतल्या त्याच्या नोंदीचे पहिले अक्षर बदलले जाते आणि ती जागा मोकळी असल्याची खूण केली जाते. फोटो मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी असतो. रिकुव्हासारखी सॉफ्टवेअर या यादीच्या अवशेषांवरून माग काढतात, त्यामुळे ती पुष्कळदा फाइलचे नावही परत देतात. फोटोरेक त्या यादीवर विसंबतच नाही. ते कार्ड पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचत जाते आणि कुठे एखाद्या ओळखीच्या फाइलची सुरुवात दिसते का ते पाहते. जेपीईजी फोटो असेल तर एफएफ, डी8, एफएफ हे तीन बाइट्स सापडले की तिथून फाइल उचलायला लागते. अशा शेकडो प्रकारच्या फाइल त्याला ओळखता येतात आणि त्यांत निकॉन व कॅननचे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले, फोटोही आहेत. म्हणूनच कॅमेऱ्यात कार्ड चुकून फॉरमॅट झालेले असो, किंवा लॅपटॉपला लावल्यावर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा संदेश येत असो, जिथे यादीच उरलेली नाही तिथेही फोटोरेक काम करते.

प्रत्यक्ष वापरताना पहिल्यांदा थोडे दडपण येते. मूळ फोटोरेक काळ्या पडद्यावर अक्षरांतच चालते. बाणांच्या कळांनी ड्राइव्ह निवडायचा, फाइल सिस्टीम विचारली की कार्डासाठी ‘अदर’ म्हणायचे, मोकळीच जागा शोधायची की संपूर्ण पार्टिशन ते सांगायचे, आणि मिळालेल्या फाइल कुठे ठेवायच्या ते दाखवून ‘सी’ कळ दाबायची. ज्यांना हे जमणार नाही असे वाटते त्यांच्यासाठी क्यूफोटोरेक ही माउसने चालणारी आवृत्ती त्याच झिपमध्ये आहे आणि कामापुरते सगळे तिच्यात आहे. कार्ड फॉरमॅट झाले असेल किंवा बिघडले असेल तर संपूर्ण पार्टिशन शोधणे चांगले. मिळालेल्या फाइल ठेवण्याची जागा मात्र निराळ्या ड्राइव्हवरच हवी. फोटोरेक कार्डाकडे केवळ वाचण्यापुरते पाहते, पण परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर ठेवायला सांगितले, तर पुढचे फोटो त्यांच्याखाली गाडले जातात. यूएसबी 2.0 रीडरने सेकंदाला सुमारे 30 एमबी वाचले जात असेल, तर 64 जीबीच्या कार्डाला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो.

काम संपल्यावर जे हाती येते ते पाहून अनेकांचा विरस होतो, हे मी मान्य करतो. ‘रीकप_डिर.1’, ‘रीकप_डिर.2’ अशा नावांच्या फोल्डरांत ‘एफ’ अक्षर आणि त्यापुढे सेक्टरचा आकडा अशा नावांच्या फाइल ओळीने मांडलेल्या असतात. ‘आजीची पंचाहत्तरी’ किंवा ‘साखरपुडा’ अशी प्रेमाने दिलेली फोल्डरची नावे यादीबरोबरच गेलेली असतात, आणि पूर्वीच कधीतरी पुसलेले नकोसे फोटोही त्या ढिगात वर येतात. सुदैवाने फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फोटोच्या आतच नोंदलेली असते. फोल्डरमध्ये ‘घेतल्याची तारीख’ या रकान्यानुसार क्रम लावला की साखरपुड्याचा दिवस पुन्हा एकत्र येतो, आणि एक्झिफटूल हे दुसरे मोफत साधन वापरले तर सगळ्या फाइलना तारखेची नावे एका फटक्यात देता येतात. ‘टी’ अक्षराने सुरू होणाऱ्या छोट्या फाइल म्हणजे फोटोंच्या पोटातली लघुचित्रे. मोठा फोटो नीट मिळाला असेल तर त्या काढून टाकाव्यात, पण आधी खात्री करून घ्यावी. मूळ फोटो अर्ध्यावर करडा झालेला असताना चेहरा ओळखू येईल एवढे ते लघुचित्रच काय ते उरलेले असते.

व्हिडिओंच्या बाबतीत मी एवढी शिफारस करणार नाही. फाइल सलग जागेत असेल तरच फोटोरेक ती खात्रीने उचलू शकते. भरत आलेल्या कार्डावर मधलेमधले फोटो पुसून नंतर चित्रण केले असेल, तर व्हिडिओचे तुकडे मिळेल त्या फटीत बसलेले असतात, आणि ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे सांगणारी नोंद तर फोटोरेक पाहतच नाही. लग्नाचे चित्रण करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एखाद्याच फाइलचे नाव परत हवे असेल आणि कार्ड फॉरमॅट झालेले नसेल, तर आधी रिकुव्हा वापरून पाहणे शहाणपणाचे.

पोर्टेबल ड्राइव्हची गोष्ट आणखी वेगळी. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फोटोरेक कार्डाइतकेच उपयोगी पडते, पण पोर्टेबल एसएसडीवर ट्रिम ही सोय चालू असेल तर फाइल डिलीट झाल्यावर ती जागा ड्राइव्ह स्वतःच खरोखर पुसून मोकळी करून टाकतो, आणि मग कोणतेही सॉफ्टवेअर, कितीही महागडे असले, तरी तिथे नसलेले काढून देऊ शकत नाही. विकत घेण्याआधी हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगणारी जाहिरात माझ्या तरी पाहण्यात नाही, याचा मला राग येतो.

हार्ड डिस्क वाचताना अडखळत असेल तर तिच्यावर थेट फोटोरेक चालवू नये. आधी लिनक्सवरच्या जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची संपूर्ण प्रत एका फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि फोटोरेकला ती प्रत द्यावी, कारण ते अशा प्रतीवरही तितकेच व्यवस्थित चालते. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती तत्काळ बंद करून, धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेकडेच न्यावी.