नॅव्हिड्रोम: घरच्या गाण्यांचा स्वतःचा सर्व्हर

सीडीवरून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) उतरवलेला संग्रह घरी असेल, तर नॅव्हिड्रोम जरूर लावा. घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी ब्राउझरमध्ये आणि फोनवर ऐकवणारं हे सॉफ्टवेअर मोफत, ओपन सोर्स आणि अगदी हलकं. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर आरामात चालतं. चालू केलं की ब्राउझरमध्ये ४५३३ पोर्टवर उघडतं. फोनवर सबसॉनिकशी (आणखी एक म्युझिक सर्व्हर) जुळणारं कुठलंही ॲप चालतं.

खरी मेहनत टॅगची, म्हणजे फाइलीत साठवलेल्या गाणं-गायक-अल्बमच्या नावांची आहे. नॅव्हिड्रोम फोल्डरची नावं बघत नाही, फाइलीतले टॅग वाचतं. नाट्यगीतांच्या संकलनात प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा. ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामा राहिला की एकाच सीडीचे दहा-बारा तुकडे दिसतात. पिकार्ड या टॅग भरायच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली निवडून तिथे एकच नाव भरा, सेव्ह करा, पुन्हा स्कॅन करा. नावं देवनागरीत की रोमनमध्ये, हे आधीच ठरवा. एकाच गायिकेची दोन पानं झाली की शोधताना फार चिडचिड होते.

नाशिकमध्ये पंचवटीतल्या घरचा सर्व्हर सातपूरला शिफ्टवर ऐकायचा, तर राउटरचं पोर्ट उघडू नका. फायबरवर बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून घरापर्यंत पोचायचा इंटरनेट पत्ता) नसतोच. टेलस्केल लावा, ते फोन आणि सर्व्हर खाजगी नेटवर्कने जोडतं. मोबाइल डेटावर १२८ केबीपीएस ओपस (कमी डेटा खाणारा ऑडिओ प्रकार) ठेवा, तासाला साधारण ५८ एमबी जातात. विलंबित संपून द्रुत सुरू होताना खंड पडत असेल, तर ॲपमध्ये गॅपलेस (दोन ट्रॅक न थांबता जोडून वाजवणं) चालू आहे का ते बघा.

अचानक वीज गेली की रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. गाणी वेगळ्या एसएसडीवर ठेवा आणि नॅव्हिड्रोमच्या डेटा फोल्डरचा बॅकअप घ्या. प्लेलिस्ट आणि रेटिंग त्यातच असतात.