जुना आयपी ब्लॉक: करार करावा की आहे तसाच वापरावा?

इंटरनेटवरच्या यंत्रांचे पत्ते, म्हणजे आयपी पत्ते, वाटणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी अमेरिकेतली ‘एरिन’ ही संस्था डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झाली. त्याआधी विद्यापीठांना आणि कंपन्यांना आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे आयपी) पत्ते मागितले की मिळत. ना करार, ना वार्षिक फी. एमआयटीकडे १८ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे १,६७,७७,२१६ पत्ते होते!

असा ब्लॉक, म्हणजे पत्त्यांचा सलग गठ्ठा, एरिनशी करार न करता वापरला तर काय बिघडतं? रोजच्या कामात काहीच नाही. राउटर कागद मागत नाही. हूइजमधली (पत्ता कुणाचा हे सांगणाऱ्या जाहीर यादीतली) नोंद आणि रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधायची सोय) एरिन जुन्या धारकांना तसंही देते. सातबाऱ्यावर नाव आहे, मग खटाटोप कशाला, हा विचार चुकीचा नाही.

करार केला की दरवर्षी फी आणि संस्थेचे नियम मागे लागतात. जुन्या धारकांच्या फीवरची मर्यादाही २०२३ अखेरनंतर सही करणाऱ्यांना मिळत नाही. पण एरिनची आरपीकेआय सेवा, म्हणजे ब्लॉक कुणाचा याचा डिजिटल सहीचा पुरावा, करारानंतरच मिळते. उद्या कुणी भलत्याच नेटवर्कवरून ‘हा ब्लॉक इथे आहे’ असं जाहीर केलं, तर सही केलेली आरओए नोंद (ब्लॉक कुठल्या नेटवर्कवरून जाहीर व्हावा हे सांगणारी) पाहून, तपासणी करणारे राउटर ती घोषणा फेकून देतात. नोंदीतला संपर्क-ईमेल कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असेल, तर असा ब्लॉक चोरांना आयताच सापडतो.

विकायचा असेल तर? अशा पत्त्यांना किंमत येते. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर.

ब्लॉकवर ग्राहकांची सेवा चालत असेल तर मी सही करेन. नुसता पडून असेल तर आधी तो ईमेल बदलेन.